बदलापूरला घर घेतलंत? आता जरा बारीक व्हा!

बदलापूरला फ्लॅट घेतलात, फार छान केलंत, हवा चांगली आहे, आणि ऑफिस सीएसएमटीला म्हणजे रोज जाऊन येऊन तीनेक तास लोकलमध्ये. या तीन तासांत उभं कसं राहायचं हे बिल्डर सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

सगळ्यात आधी डोक्यातून काढा की गर्दी म्हणजे काहीतरी बिघडलंय. रेल्वेत याला रीतसर नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसं उभी. विश्वास बसत नसेल तर हॉलमध्ये खडूने मीटरभर चौकोन आखा आणि सोसायटीच्या अख्ख्या कमिटीला त्यात उभं करा, खजिनदार बाहेर राहिला तर प्रॅक्टिस कमी पडतेय.

आणि कृपा करून गाड्या वाढवा असं कुठे बोलू नका, नवखे आहात हे लगेच कळतं. वाढवणार कुठे? कल्याणच्या पुढे तुमच्याकडे यायला दोनच लाईनी, एक जायची एक यायची, त्याच्यावरच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या, कल्याणला परत कसाऱ्याकडून येणारे आपले भाऊबंद त्याच रांगेत घुसणार, आणि कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत तर लांबच्या गाड्यांनाही लोकलच्याच रुळांवर जागा करून द्यायची. लांबच्या गाड्यांसाठी वेगळी पाचवी-सहावी लाईन येतेय की! ठाणे-दिवा हा जेमतेम साडेनऊ किलोमीटरचा तुकडा 2008 ला मंजूर झाला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये चालू झाला. तोच हिशोब कुर्ला-सीएसएमटीला लावून बघा, किंवा नको, बीपी वाढेल. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईनही आहे यादीत, मुलाला सांगून ठेवा, त्याला नोकरीला लागल्यावर उपयोगी पडेल.

15 डब्यांची गाडी म्हणताय? मध्य रेल्वेवर ती 2012 ला आली, पण कल्याणपर्यंत. पुढचे प्लॅटफॉर्म लांबीला कमी पडले.

मग एसी लोकल! हिच्यात खरी गंमत आहे. लाईनीवर जादा गाडीला जागाच नाही, म्हणून एसी लोकल येते ती एखाद्या साध्या लोकलच्या बोकांडी बसून, म्हणजे कालपर्यंत ज्या गाडीने तुम्ही साध्या पासावर जात होतात तीच आज दार बंद करून तुमच्या नाकासमोरून जाते. ऑगस्ट 2022 मध्ये कळव्याची आणि तुमच्या बदलापूरची मंडळी यावरूनच भडकली, आणि रेल्वेला 10 एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. म्हणजे अपग्रेड नको म्हणून आंदोलन करणारे जगात आपणच असू, पण अपग्रेड नक्की कोणाचं, हे तरी विचारायला हवं ना.

बसायला मिळावं वाटत असेल तर उलटं जायचं. अंबरनाथवाले बसून जायला बदलापूरला येतात, त्यामुळे तुम्ही आधी वांगणीला जा, तिथे वांगणीवाले नेरळला गेलेले दिसतील, तेव्हा शहाण्याने सरळ कर्जत गाठावं आणि तिथून मुंबईला निघावं. झोप पाहिजे कशाला.

दिवा स्टेशनला दारातल्या मंडळींना जागा द्या असं सांगू नका. बिचाऱ्या दिवेकरांना फास्ट लोकलचा थांबा मिळाला 2016 ला, पण आत शिरायची सोय त्यात धरलेली नव्हती.

दारात लटकू मात्र नका, हे खरंच सांगतोय. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून जी माणसं खाली पडली त्यांच्यावर विनोद होत नाही. त्यानंतर रेल्वेला सुचलं की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं पाहिजेत. चांगलंच आहे, फक्त दार लागायला आधी आतली माणसं आत मावली पाहिजेत, त्याचं डिझाईन कोण करतंय ते काही कळलं नाही.

शेवटचा उपाय ऑफिसची वेळ बदलून घ्यायचा, रेल्वेनेही कंपन्यांना तशी विनंती करून झालीय. साहेबांना विचारा. साहेब हो म्हणतील, लगेच म्हणतील, साडेअकराला या म्हणतील आणि रोजची मीटिंग मात्र साडेनऊलाच ठेवतील, कारण साहेब राहतात दादरला.