पोर्तुगीज अमदानीत फाशी होती कुठे?

आमच्या गोव्यातल्या घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आलाय: ‘पोर्तुगीजांच्या काळात गोंयकार दारं उघडी टाकून झोपायचा, कारण गुन्हेगाराला फाशी होती. आता कायदा मऊ झालाय. शिक्षा कडक करा, गुन्हे आपोआप थांबतील.’ पाठवणारे काका वयाने मोठे, म्हणून तिथे गप्प बसलो.

पोर्तुगालने मुलकी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली आणि १८७० मध्ये वसाहतींतही. म्हणजे १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंतची नव्वद वर्षं इथे चोर सोडा, खुन्यालाही फाशी नव्हती. पोलिसांची जरब होती, पण ती स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर. मुक्तिलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या तुरुंगात धाडलं, ते चोरीसाठी नव्हे. आणि आमच्या माशेलच्या जुन्या घराच्या दाराला आतून घालायचा लाकडी अडसर अजून आहे. त्याच्या भिंतीतल्या खाचा घासून गुळगुळीत झाल्यात. दार उघडं असायचं, तर तो रोज सरकवला कोणी?

‘कडक करा’ म्हणता, तर अमली पदार्थांचा कायदा बघा. व्यापारी प्रमाणात माल सापडला तर किमान १० वर्षं. १९८९ पासून काही पुनरावृत्त गुन्ह्यांना फाशीही. म्हणून हणजूणच्या किनाऱ्यावरचा धंदा थांबला का? विकणारा कलमं मोजत नाही, सापडण्याची शक्यता मोजतो. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ पासून फाशीपर्यंतची शिक्षा आहे. चीड समजते, मलाही येते. पण अशा प्रकरणांत आरोपी बऱ्याचदा घरचाच किंवा ओळखीचा. ‘मामा फासावर जाईल’ म्हटल्यावर तक्रारीला निघालेली आई उंबऱ्यावरच थबकते.

धोकादायक माणसाला कोलवाळच्या तुरुंगात ठेवावंच लागतं; तो आत असेपर्यंत बाहेरचे सुरक्षित, एवढं काम तुरुंग चोख करतो. तिथे माणूस सुधारतो, हे मात्र सांगू नका.

राहिली ‘झाडू मारणं ही काय शिक्षा?’ ही थट्टा. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर सामुदायिक सेवा, म्हणजे झाडलोटीसारखं सार्वजनिक काम. ज्याचं गेलं त्याला मिळतं, पोराची नोकरी टिकते, सराईतांची संगत लागत नाही. गावातल्या बाजारात ओळखीच्यांसमोर झाडू मारून बघा, काका. उलट दंडच मला पोकळ वाटतो: दारू पिऊन गाडी चालवल्याचे दहा हजार रोजंदारीवाल्याचा महिना खातात, आणि किनाऱ्यावरच्या श्रीमंत पाहुण्याचं एका रात्रीचं खोलीभाडं.