मातेरं आणि सत्यानाश एक नाही

'वाटोळे, सत्यानाश, मातेरे, राखरांगोळी हे सगळे एकाच अर्थाचे, कुठेही कोणताही वापरा' हे नाशाच्या शब्दांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मातेरं म्हणजे खळ्यावरचं धान्य उचलून झाल्यावर खाली उरतं ते, मातीत मिसळलेले दाणे. आमची आजी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडची. ते सुपात घेऊन पाखडत बसायची, दाणे अन् खडे वेगळे करत. म्हणजे मातेरं झालं तरी त्यात अजून धान्य असतं, फक्त कोणाच्या कामाचं राहत नाही. पोरीचं लग्न चुकीच्या घरी झालं की ती 'जन्माचं मातेरं केलं' म्हणायची, आणि तिथे 'सत्यानाश' बसवून पाहा, जमतच नाही. सत्यानाश गारपिटीचा. संत्र्याच्या बागेत फळाचा सडा पडला की तोंडून तोच शब्द निघतो, आणि त्यात दोष कोणाला देणार?

वाटोळं मात्र कोणीतरी करावं लागतं, आणि बहुतेक वेळा घरचंच माणूस करतं. आमच्याकडे वाटणीच्या भांडणात दोन्ही काका एकमेकांना 'तूच वाटोळं केलं' म्हणत होते. 'नेस्तनाबूत केलं' असं कोणी म्हटलं असतं तर भांडण सोडून सगळे हसले असते. तो फारसी शब्द फौजेचा, गडकिल्ल्यांचा. अन् लेखातल्या शब्दांच्या यादीत 'गाढवाचा नांगर फिरवणे' कसं सुटलं? पुण्यावर फिरवल्याची गोष्ट तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते.