बादलीतल्या पाहुण्या

जुलैत शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. पहिलीच्या प्रत्येक मुलाने घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करून आणायचं, पालकांनी 'फक्त देखरेख' करायची. या दोन शब्दांचा अर्थ ज्याच्या बोटांना रात्री साडेअकराला फेव्हिकॉल लागलेला असतो, त्यालाच कळतो.

रंगाची रिकामी 20 लिटरची बादली मिळाली. तिला हवेसाठी भोकं पाडायची म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर गॅसवर तापवला. सातव्या भोकाला घरभर जळक्या प्लास्टिकचा धूर झाला. "पर्यावरण वाचवून झालं की खिडकी उघडा," बायको म्हणाली.

खरी अडचण पुढे होती. ओल्या कचऱ्याच्या जोडीला कोरडा पाला लागतो, नाहीतर खताऐवजी चिखल होतो. आता पुण्यात पानगळ फेब्रुवारी-मार्चमधली. भर पावसात कोरडं पान आणायचं कुठून? सोसायटीत काम करणाऱ्या सुताराकडे भुसा मागितला, तर त्यानेच सांगितलं, "साहेब, प्लायचा आहे. यात गोंद असतो." पर्यावरणाबद्दल त्या महिन्यात मला मिळालेली ही पहिली उपयोगी माहिती. शेवटी ऑनलाइन खरेदीच्या पुठ्ठ्यांवर आणि वर्तमानपत्रावर भागवलं. मनू इतक्या उत्साहाने पेपर फाडायची, की मी अग्रलेख पट्ट्या जुळवून वाचू लागलो.

आंबट ताक आणि गूळ शिंपडून झाला आणि आठव्या दिवशी बाल्कनीतून सडक्या अंड्यांचा वास आला. ओल जास्त झाली की हवा कोंडते आणि असा वास सुटतो. पुठ्ठा घालून वरखाली केलं की जातो. हे 'वरखाली' सकाळी ऑफिसच्या शर्टात कोण करायचं, हे वेगळं सांगत नाही.

मनूची देखरेख मात्र कडक होती. पानातली पडवळाची भाजी ती निर्विकार चेहऱ्याने बादलीकडे न्यायला लागली. "त्यांना भूक लागते ना." मी समजावलं, शिजवलेलं, तेलाचं काही घालायचं नाही, उंदीर येतात. पटलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाईसाहेब स्टुलावर चढून बेसिनपाशी गाळणीत दुध्याची भाजी धुताहेत.

"काय चाललंय?"

"तेल काढतेय."

मग अळ्या आल्या. चपट्या, मळकट पांढऱ्या, आणि भूक अशी की संध्याकाळी टाकलेलं पपईचं साल सकाळी शोधावं लागे. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. त्या कचरा फस्त करतात आणि त्यांची माशी चावतही नाही, असं मी घरात भाषण दिलं. आई म्हणाली, "अरे, चावत नाही म्हणून काय पाटावर बसवायच्या?" मनूने मात्र त्यांना नावं ठेवली. सगळ्या सारख्याच दिसत असल्याने सगळ्यांचं नाव स्वरा.

एक गोष्ट मी भाषणात सांगितली नव्हती, कारण मलाच ती नंतर कळली. या अळ्या मोठ्या झाल्या की काळपट होतात, खाणं सोडतात आणि कोशात जायला कोरडी जागा शोधत बादलीबाहेर चढून येतात.

गोकुळाष्टमीच्या पहाटे आई तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत गेली आणि तिने पाय चपलेत सरकवला.

त्यानंतरची किंकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीही ऐकली. मी धावलो. फरशीवर, पायपुसण्यावर, आईच्या चपलेत, सगळीकडे स्वरा. मनू डोळे चोळत आली, खाली बसून मोजायला लागली आणि वळून म्हणाली, "बाबा, सत्तेचाळीस! सगळ्या शाळेत चालल्यात!"

हाताने उचलायचं धैर्य होईना. स्वयंपाकघरातून जे पहिलं हाती लागलं ते घेऊन मी एकेक स्वरा खालच्या बागेत सोडून आलो. आईने ती चप्पल आजवर परत घातलेली नाही.

सप्टेंबरात खत तयार झालं, काळंभोर आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास असलेलं. मुरांब्याची बरणी रिकामी करून त्यात ते शाळेत गेलं. मनूला तारा मिळाला. मला काही नाही.

फक्त तो चिमटा बाल्कनीतच राहिला. हल्ली बायको फुलका आचेवर धरत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवते. विचारलं तर म्हणते, गॅस वाचतो.