गोळ्या सोडून मशरूम घे म्हणणाऱ्या माझ्या मित्राला

आत्ताच गंगावेशीतनं घरी आलोय आणि डोकं तापलंय. झोपायच्या आधी लिहून टाकतो.

शाळेपासूनचा मित्र, बेंगळुरूत नोकरी, सुट्टीला आलाय. कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आणि सगळ्यांसमोर मला म्हणतो, "गोळ्या खाऊन किती दिवस काढणार भावा? आमच्यासंगं कोडाईकॅनलला चल. एकदा मशरूम घे, डोकं रिसेट हुतंय. डिप्रेशन-बिप्रेशन सगळं जातंय." मशरूम म्हणजे भाजीचं नव्हे, नशा चढवणारं. बाकीचे माना डोलवत होते.

मला नुसतं डिप्रेशन नाही, बायपोलर आहे, म्हणजे मन कधी खोल बुडतं, कधी बेफाम उसळतं. अकरा वर्षं झाली. आधी एवढं तरी विचारायचं होतंस.

ऑगस्ट २०१९ आठवतोय? पंचगंगेचं पाणी शहरात घुसलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद. त्याच्या दोन महिने आधी मी लिथियम, म्हणजे माझी रोजची गोळी, आपल्या मनानं बंद केलं होतं, कारण मला लय बरं वाटत होतं. पुरात चार रात्री डोळ्याला डोळा नाही. पाणी माझं ऐकतंय, मी घाटावर जाऊन उभा राहिलो की उतरणार, अशी माझी खात्री झालेली. आक्कानं तिच्या ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या, आणि दाराला पाठ लावून बसली. मी जरा हललो की ती जागी. त्या गाठीचा वळ दोन दिवस हातावर होता.

आणि असं समजू नकोस की मी कधी विचारच केला नाही. मागच्या वर्षी महिनाभर रात्री जागून हेच वाचत होतो. लिथियमनं हात थरथरतो, चहाची कपबशी वाजते, चार माणसांत लपवावी लागते. घशाला सारखी कोरड. दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, थायरॉइड बघायचं, किडनी बघायची. एका सहलीत यातनं सुटका होणार असेल तर मला नको आहे का?

शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, नीट सांगत बसले. मशरूममधल्या सायलोसायबिनच्या ज्या चाचण्यांच्या बातम्या तू मला पाठवतोस, त्यातल्या बहुतेकांत बायपोलर किंवा सायकोसिस, म्हणजे खऱ्याखोट्याचं भान सुटणं, असलेल्यांना घेतलेलंच नाही. घरात कुणाला असलं तरी बऱ्याचदा बाहेर ठेवतात, कारण मेनिया, म्हणजे पुरात मला झालं तसलं, उसळायची भीती. म्हणजे ज्यांना बरं वाटलं म्हणून तू सांगतोस, त्यांच्यात माझ्यासारखा कुणी नव्हताच. वर लिथियम चालू असताना असलं काही घेतलेल्यांना फिट आल्याच्या नोंदी आहेत. मग काय, लिथियम सोडून घ्यायचं? सोडलं की काय होतं ते आक्काला विचार. तिच्या मनगटालाही तोच वळ होता.

हो, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सायलोसायबिन देता येतं. मान्य. होत असेल कुणाला उपयोग, त्यांचं भलं होवो. पण तिथं आधी तपासणी होते, शेजारी शिकलेला माणूस बसतो. कोडाईत माझ्या शेजारी कोण बसणार? चढलेले तुम्ही पाचजण? कायद्याचं तर मी बोलतच नाही. आणि ऑस्ट्रेलियाचंच म्हणशील तर मेनियावर लिथियम चालतं हेही १९४९ साली तिथल्याच जॉन केड या डॉक्टरांनी दाखवलं. साधा क्षार आहे तो. त्याच्यावर मी उभा आहे, नोकरी करतोय, रोज सकाळी पोरीला शाळेत सोडतोय.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. तुला हे ठाऊक नाही, कारण आम्ही तुला सांगितलंच नाही. त्या आठवड्यात तू दोनदा फोन केला होतास. आईनं "त्याला ताप आलाय" म्हणून ठेवून दिला. मीही नंतर तेच सांगत राहिलो. आज पहिल्यांदाच उघड लिहितोय आणि हात थरथरतोय तो सगळाच गोळीमुळं नाही.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, कळतं मला. तरी पुन्हा कुणाला असं सांगू नकोस. त्याला काय झालंय, तो काय घेतो, रात्री त्याच्याजवळ कोण जागणार आहे, हे आधी विचार.

रविवारी जेवायला ये. आक्का आलीय माहेरी, तांबडा-पांढरा करणार आहे. ती ओढणी तिनं टाकलेली नाही. जेवण झाल्यावर तिच्यासमोर बसून बोल, मला मशरूम द्यायचं म्हणून.