झोत दिसत नाही, म्हणजे पेरॉक्साइडचे विघटन पूर्ण झाले असे नव्हे

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रॉकेट इंजिनात तो द्रव उत्प्रेरकावरून, म्हणजे विघटन वेगाने घडवून आणणाऱ्या चांदीच्या जाळ्यांसारख्या पदार्थावरून जातो, त्याची तप्त वाफ आणि ऑक्सिजन होतो, आणि हा वायू नोझलमधून झोताच्या रूपाने बाहेर पडतो. अशी छोटी इंजिने बनवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक विधान वर्षानुवर्षे फिरते आहे. नोझलमधून बाहेर पडणारा झोत पारदर्शक असला, थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीने) पुस्तकातले तापमान दाखवले आणि थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा रेटा, अपेक्षेइतका मिळाला, की विघटन शंभर टक्के झाले असे खुशाल समजावे, आणि एखाद-दोन टक्के पेरॉक्साइड तसेच निघून गेले तरी काही बिघडत नाही, असा त्याचा आशय आहे. यातला कोणताही भाग जसाच्या तसा टिकत नाही, आणि शेवटचा तर धोक्याचा आहे.

पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते ती थंड झाल्यावर तयार होणारे बारीक थेंब. त्यामुळे तेच इंजिन वाळवंटातल्या कोरड्या, तापलेल्या हवेत चालवले तर झोत जवळजवळ दिसणार नाही, आणि थंड, दमट सकाळी चालवले तर नोझलपासून थोड्या अंतरावर पांढरा ढग उठेल, मग विघटन दोन्ही वेळा अगदी सारखे झालेले असो. शिवाय विघटन न झालेल्या पेरॉक्साइडची वाफही रंगहीनच असते. इंजिन थंड असताना पहिल्या क्षणी निघणारे दाट पांढरे धुके ही मात्र अपुऱ्या विघटनाची खरी खूण आहे. परंतु ते दिसते तेव्हा उणीव फार मोठी असते, आणि दोन-तीन टक्क्यांची उणीव डोळ्यांनी कधीच कळत नाही.

या मुद्द्यासाठी ब्रिटनच्या ‘ब्लॅक ॲरो’ रॉकेटचा दाखला नेहमी दिला जातो. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून याच रॉकेटाने ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेला, आणि त्याच्या गॅमा इंजिनांचा झोत जवळपास अदृश्य होता, हे खरे आहे. परंतु त्या इंजिनांत सुमारे ८५ टक्के संहतीच्या (म्हणजे ८५ टक्के पेरॉक्साइड, बाकी पाणी) पेरॉक्साइडचे चांदीच्या जाळ्यांवर विघटन झाल्यानंतर त्या तप्त वायूत केरोसीन जळत असे, आणि वजनाने पेरॉक्साइड केरोसीनच्या सुमारे आठ पट असे. झोतात प्रामुख्याने वाफ आणि अगदी थोडी काजळी असल्यामुळे तो स्वच्छ दिसे. त्यावरून जाळ्यांमधून किती पेरॉक्साइड विघटन न होता पुढे गेले हे ठरवता येत नाही.

तापमानाचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे. उष्णता कोठेही वाया न जाता पूर्ण विघटन झाले, तर ८५ टक्के पेरॉक्साइडपासून सुमारे ६३० अंश सेल्सिअस आणि ९० टक्के पेरॉक्साइडपासून सुमारे ७४० अंश तापमान मिळते. म्हणजे या पट्ट्यात संहतीच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण २२ अंशांचा फरक पडतो. आता टाकीत ८५ टक्के आहे असे आपण धरले, पण प्रत्यक्षात ८७ टक्के असले, आणि त्यातले सव्वादोन टक्क्यांच्या आसपास विघटन न होता निघून गेले, तर थर्मोकपल ६३० च्या जवळपासच आकडा दाखवील आणि आपण समाधानाने ‘पूर्ण विघटन’ अशी नोंद करू. घरी किंवा कार्यशाळेत संहती वाढवून घेतलेल्या पेरॉक्साइडमध्ये असा फरक सहज राहतो. हायड्रोमीटरने घनता पाहिली की झाले, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: या संहतीला एक टक्क्याने घनता घन सेंटिमीटरमागे जेमतेम ०.००५ ग्रॅमने बदलते, आणि द्रव पाच अंशांनी गरम किंवा थंड असला तरी तेवढाच फरक पडतो. द्रवाचे तापमान न नोंदवता घेतलेली घनता म्हणूनच निरुपयोगी आहे. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे चाचणीच्या दिवशीच्या नमुन्याचे पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन करणे, म्हणजे ते द्रावण किती लागते यावरून पेरॉक्साइडचे प्रमाण काढणे.

थर्मोकपलचे स्वतःचेही दोष आहेत. जाड आवरणाचा थर्मोकपल स्थिर आकड्यावर यायला काही सेकंद घेतो आणि छोट्या चाचणीत तेवढा वेळच मिळत नाही. आवरणातून उष्णता थंड भिंतीकडे वाहून गेल्याने आकडा कमी दिसतो. उलट तेलाचा अंश किंवा रबरी सीलचा तुकडा तप्त ऑक्सिजनमध्ये जळला तर आकडा वाढतो. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे द्रव उत्प्रेरकातून न जाता कडेच्या भिंतीलगत वाट काढतो. चांदीच्या जाळ्यांच्या थप्पीत मध्येमध्ये कडी बसवतात ती हीच वाट अडवण्यासाठी. मधोमध लावलेला एकच थर्मोकपल अशा वेळी मध्यातले उत्तम तापमान दाखवतो आणि कडेने निसटणारा द्रव त्याला कधी कळतच नाही.

थ्रस्टचा पुरावा त्याहूनही दुबळा आहे. विघटनाची गुणवत्ता दाखवणारी राशी म्हणजे सी-स्टार, अर्थात कक्षातील दाब गुणिले नोझलच्या घशाचे क्षेत्रफळ, भागिले दर सेकंदाला जाणारे वस्तुमान. ती मुख्यतः निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. ९० टक्के पेरॉक्साइडच्या १०१३ केल्विनमध्ये ४० केल्विनची घट झाली, तरी सी-स्टार फक्त दोन टक्क्यांनी उतरते. इकडे दहा मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस स्टीलचा घसा ६००-७०० अंशांपर्यंत तापला, तर त्याचा व्यास सुमारे एक दशांश मिलिमीटरने, म्हणजे क्षेत्रफळ दोन टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. जी उणीव शोधायची आहे, तेवढीच चूक मोजमापात आधीपासून बसलेली आहे. तापलेल्या घशाचा हिशेब, उत्प्रेरकातून वायू बाहेर पडल्यावर मोजलेला दाब आणि लोड सेलवर टांगलेल्या टाकीच्या वजनातून काढलेला प्रवाह, हे तिन्ही नसताना नुसत्या थ्रस्टवरून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही.

झोत थंड करून जमलेल्या पाण्याचे टायट्रेशन करणे, ही त्यातल्या त्यात थेट पद्धत आहे; पण तिच्यातही दोन विरुद्ध चुका आहेत. तप्त धातूच्या नळीतून जाताना उरलेले पेरॉक्साइड विघटित होत राहते, म्हणून आकडा खऱ्याहून कमी येतो. आणि पेरॉक्साइड पाण्यापेक्षा कमी बाष्पनशील असल्याने झोताचा थोडाच भाग द्रवरूप केला, तर त्यात ते प्रमाणाबाहेर जमते. काचेची, झटकन थंड करणारी व्यवस्था आणि जमलेल्या पाण्याच्या एकूण वजनाची नोंद असेल, तरच त्या आकड्याला अर्थ राहतो.

‘एखाद-दोन टक्क्यांनी काय होते’ या युक्तिवादाबद्दल मला अधिक काळजी वाटते. नुसत्या पेरॉक्साइडच्या इंजिनात तेवढ्याने कामगिरी किंचितच घटते, हे मान्य. परंतु पेरॉक्साइड टिकावे म्हणून त्यात घातलेली कथिलाची आणि फॉस्फरसची संयुगे हळूहळू चांदीवर साचून तिची क्रियाशीलता मारतात, आणि विघटन न होता जाणारा वाटा चाचणीगणिक वाढत जातो. मग एखाद्या दिवशी सुरू होतानाच कक्षात द्रव साचतो आणि उशिरा, एकदम विघटित होतो. केरोसीनचे इंजिन असेल तर पेटण्याइतकी उष्णता वेळेवर मिळत नाही आणि दोन्ही द्रव एकत्र जमतात, ज्याचा परिणाम स्फोट असू शकतो. एका चाचणीत विघटन ९८ टक्के आले की ९७, याहून महत्त्वाचे हे की त्याच इंजिनावर, त्याच पद्धतीने, संहती टायट्रेशनने ठरवून घेतलेले आकडे उतरत चालले आहेत का; आणि ते उतरू लागले असतील, तर पुढची चाचणी करण्याआधी जाळ्या बाहेर काढून तपासाव्यात.