नवी एंड्युरो घेताय? सायलेन्सरचं नंतर बघू

सध्या नाशिकमध्ये कुठल्याही टपरीवर दोन गाड्या स्टँडला लागल्या की चहा यायच्या आत विषय निघतो तो केटीएम ३९० एंड्युरो आरचा, म्हणजे माती-दगडात चालवायच्या मोटरसायकलचा. कोणी बुक केलीय, कोणी टेस्ट राइड मारून आलंय, कोणी नुसते रील बघून हप्त्याचा हिशेब मांडतंय. उत्साह अगदी रास्त आहे. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, ढाचा चांगला पण इंजिन १५० सीसीचं. २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली आणि कित्येकांना मातीत उभं राहून गाडी चालवायला तिनंच शिकवलं. पण ३९९ सीसी, ४६ पीएस ताकद, पुढं २१ आणि मागं १८ इंची स्पोकची चाकं, आणि हे सगळं चाकणला बनलेलं, एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हा ३ लाख ३७ हजार एक्स-शोरूम. असलं काही आपल्याकडं आधी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की मंडळी नको त्या आकड्यावर खूश आहेत. ४६ पीएस हा या गाडीचा सगळ्यात बिनकामाचा आकडा. तेच इंजिन ड्यूकमध्ये आहे, ॲडव्हेंचरमध्येही आहे. हरसूलकडच्या सुट्या मुरमाच्या चढावर त्यातले १५ सुद्धा मागच्या टायरला जमिनीत उतरवता येत नाहीत. पैसे मोजायचे ते चाकांसाठी आणि सस्पेंशनसाठी. आणि नेमके हेच दोन भाग शोरूममधून बाहेर पडताना तुमच्या वजनाला आणि आपल्या दगडाला तयार नसतात. असं असताना पहिले २५ हजार सायलेन्सरवर जातात.

या गाडीचे दोन प्रकार आहेत, आधी त्यातली कोणती घ्यायची ते. पहिली आली ती आपल्यासाठी थोडी खाली बसवलेली: ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेंशन वरखाली हलायची जागा, पुढं २००, मागं २०५ मिमी, सीट ८६० मिमी. नंतर लाँग ट्रॅव्हल आली: दोन्हीकडं २३०, सीट ८९०, इंजिनखाली २७२ मिमी जागा. ग्रुपमध्ये सगळ्यांना दुसरीच हवीय. पण पंचवीस-तीस मिमी जास्तीचा ट्रॅव्हल उपयोगी पडतो तो वेगात खड्ड्यावरून गाडी उडून खाली येताना. ताशी २० किमीनं बैलगाडीच्या चाकोरीतून जाताना तीस मिमी उंच सीटचा त्रास तेवढा होतो. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर ८६० वालीच घ्या आणि लाज बाळगू नका. घेतल्यावर मात्र मागचा शॉक आखूड करून ती खाली बसवायचा उद्योग करू नका. त्यानं मागचा भाग बसतो, पुढच्या फोर्कचा कोन बदलतो आणि वळताना पुढचं चाक बाहेर पळतं. उंची फारच जाचत असेल तर सीटचा फोम पुढच्या बाजूला, मांड्या टेकतात तिथं, दोन्ही कडांनी तासून घ्या. पाय चटकन खाली येतो आणि गाडीची भूमिती शाबूत राहते.

आता सॅग, म्हणजे वजनानं सस्पेंशन किती खाली बसतं ते. निम्म्या लोकांना हा शब्द माहीत असतो, पण टेप घेऊन मोजणारा दहात एखादा. दोन माणसं आणि एक मेजरिंग टेप, वीस मिनिटांचं काम. गाडी मागून उचला, चाक पूर्ण लटकू द्या. मागच्या ॲक्सलपासून सरळ वर मडगार्डवर मार्करनं खूण करा आणि अंतर लिहून घ्या. मग गाडी जमिनीवर, स्टँडशिवाय, एकानं हँडल धरून सरळ उभी, पुन्हा मोजा. मग तुम्ही हेल्मेट, बूट, पाण्याची बॅग, जे नेहमी घालता ते सगळं घालून फूटपेगवर उभे राहा, दोनदा दाबून सोडा, अलगद बसा, तिसरं माप. पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. तो ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश हवा: २०५ वालीला ६५ ते ७०, २३० वालीला ७० ते ७५ मिमी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की नुसत्या गाडीचा सॅग. तो २० ते २५ च्या आसपास हवा.

खरी गंमत या दुसऱ्या आकड्यात आहे. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, आवळत आवळत रायडर सॅग बरोबर आला, पण माणूस उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनानं पाच-सात मिमीसुद्धा बसत नसेल, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ पडतेय. आणखी आवळून काही होणार नाही, स्प्रिंगच बदलायची. उलट माणसासकट माप बरोबर आणि रिकामी गाडीच ४० मिमी बसत असेल तर स्प्रिंग कडक आहे. ९० किलोचा माणूस कारखान्याच्या सेटिंगवर सावळ घाटाखालचे दगड तुडवतो, शॉक तळाला आपटतो आणि मग पोस्ट येते की सस्पेंशन बेकार आहे. बेकार नाही हो, मोजलं नाही.

दुसरा खर्च ट्यूबचा. चाकं ट्यूबची आहेत. एंड्युरोला ते वाईट नाही, रिमला पोचा आला तरी हवा धरते. पण आपला दगड बेसाल्ट. तो झिजून गोल झालेला ओढ्यात सापडतो. बाकी ठिकाणी, आणि विशेषतः रस्त्यासाठी टाकलेल्या ताज्या खडीत, त्याला धार असते. हवा कमी असली की टायर दबतो, ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. पॅचनं दोन्ही नीट झाकणं अवघड, बरेचदा ट्यूब फेकावीच लागते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मूळ ट्यूब काढून जाड, ३ ते ४ मिमीच्या घाला. दगडात पुढं २० ते २२ आणि मागं २२ ते २४ पीएसआय ठेवा. चिखलात आणखी उतरवावीशी वाटते, १६-१८ पर्यंत चालतं, पण मागं रिम लॉक, म्हणजे टायर रिमवर दाबून धरणारा क्लॅम्प, बसवला असेल तरच. नाहीतर ताकद लावल्यावर टायर रिमवर फिरतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो.

यासाठी एक फुकटची युक्ती: व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजायचं, टायर सरकलाय; हवा सोडून सरळ करायची वेळ झाली. नट खाली आवळलेला असेल तर ही सूचना मिळतच नाही. डांबरावर परतताना हवा पुन्हा मॅन्युअलमधल्या आकड्यावर भरा. त्यासाठी छोटा पंप आणि स्वतःचा गेज हवाच.

सोबत स्पेअर ट्यूब एकच नेणार असाल तर २१ इंची न्या. अडचणीला ती मागच्या १८ मध्ये घडी न पडू देता, थोडी थोडी हवा भरत बसवता येते आणि घरापर्यंत आणते. १८ ची ट्यूब पुढं ताणून बसवायला गेलात तर फाटेल. पेठ-सुरगाण्याकडचा पंक्चरवाला कामाला पक्का असतो, पण या मापाची ट्यूब त्याच्याकडं असेल अशी आशा धरू नका.

स्पोक. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल होतात. दर राइडनंतर चाक हातानं फिरवत छोट्या पान्यानं एकेक स्पोक टिचकवत जा. ताणलेला स्पोक टिंग करतो, सैल असलेला ठक करतो. ठकवाला सापडला की पाव फेरा, जास्त नाही, आणि शेजारचे ओळीनं आवळत सुटायचं नाही. चाक फिरवून डोलतंय का बघायचं. पाच-सहा ठक एकत्र सापडले तर ट्रूइंग, म्हणजे चाकाचा डोल काढणं, येणाऱ्याकडं द्या. शहरात अजून काही जुने सायकलवाले आहेत, त्यांचा कान कुठल्याही मशीनपेक्षा चांगला.

बाकीचं भराभर. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प सोडून हँडलवर खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या, मग आवळा. ब्रेक दाबताना हलणार नाही पण आपटल्यावर फिरेल इतपतच. पडल्यावर लिव्हर फिरतो, मोडत नाही. दहा रुपयांची टेप. हँडगार्ड आतून धातूची पट्टी असलेलेच घ्या, नुसतं प्लास्टिक वाऱ्याला. रेडिएटरला जाळी. आणि धुताना प्रेशर वॉशरचा फवारा रेडिएटरवर जवळून मारू नका, त्याचे पातळ पंख झोपतात आणि पुढच्या चढावर पंखा बंद व्हायचं नाव घेत नाही. एप्रिल-मेमध्ये त्र्यंबककडची तांबडी धूळ पिठासारखी असते. एअर फिल्टर काढल्यावर त्याच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टरच्या कडेनं गळतंय, तिथं ग्रीसचा पातळ थर द्या. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

चेन मात्र नीट समजून घ्या. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत शॉक दबत जातो तशी चेन ताणत जाते. पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की सर्वात जास्त. स्टँडवर तुम्हाला छान ताठ वाटणारी चेन तिथं गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खेचते. मॅन्युअलमधला ढिलेपणा दिसायला विचित्र असतो, तरी तोच ठेवा. चिखलात तर किंचित जास्तच, कारण स्प्रॉकेटच्या दातांत माती भरली की चेन आणखी ताणते.

चिखलावरून आठवलं. निफाड-सिन्नरची काळी माती जुलैत टायरला अशी चिकटते की रोडच्या गाडीचा खालचा मडगार्ड भरून पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. एंड्युरोचा मडगार्ड चोचीसारखा उंच लटकलेला असतो तो याचसाठी. दिसायला कसाही असो, तो काढून आखूड बसवू नका.

दोन उणिवाही सांगतो. इंजिन खाली, ३००० आरपीएमच्या आत, मऊ चालत नाही. वळणावर क्लच न धरता हळू गेलात की पटकन बंद पडतं. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करा, मागं साधारण तीन वाढवल्यासारखा फरक पडतो. टॉप स्पीड घटेल, घटू द्या, समृद्धीवर दुचाकीला बंदीच आहे. दुसरं, टाकी ९ लिटर. लिटरला २५ धरले तर २२५ किमी, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये माती तुडवताना १८ धरले तर १६० च्या आसपास. पेठमध्ये टाकी भरल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नार-पारच्या खोऱ्यात पावसाळ्यात फरशी पुलांवरून पाणी वाहत असतं. पायी चालून बघितल्याशिवाय गाडी घालू नका. गुडघ्याला ओढ लागली तर परत फिरा. गाडी पाण्यात पडलीच तर आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण. आपोआप बंद पडली असेल तर स्टार्टरला बोट लावायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काम लाखाच्या घरात जातं. बाहेर काढा, एअरबॉक्स उघडा. आत ओल असेल तर प्लग काढा, थ्रॉटल उघडा ठेवून स्टार्टरचे दोन-तीन छोटे झटके द्या, पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरू न करता टेम्पो बोलवा.

आता जे न पटणाऱ्यांनी खाली भांडावं ते. पहिलीच ऑफ-रोड गाडी असेल तर एंड्युरो आर घेऊ नका. एक्सपल्स २१० चा ट्रॅव्हल बघा: पुढं २१०, मागं २०५. म्हणजे कमी उंचीच्या ३९० एवढाच, किंमत जवळपास निम्मी आणि टाकी १३ लिटरची. कावासाकीची केएलएक्स २३० तर १३९ किलोची आहे, पडल्यावर दहाव्यांदा उचलताना त्या आकड्याची किंमत कळते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४०, म्हणजे दोन्ही गटांतली दरी आणखी वाढली. वाचलेल्या पैशांत बूट, नी-गार्ड, ट्यूब, स्प्रिंग सगळं येतं. एंड्युरो आर ज्याला उभं राहून चालवता येतं आणि मागचा ब्रेक लॉक करून गाडी वळवता येते त्याच्यासाठी आहे. हो, मागचा एबीएस बंद राहतो तो ऑफ-रोड मोडमध्ये. उतार सुरू व्हायच्या आधी डिस्प्लेवर तो मोड खरंच लागलाय का ते बघा.

आणि कुठं चालवायची नाही तेही. अंजनेरी आणि बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. अंजनेरीच्या सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, मातीचा थर काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढाही नाही, आणि जगात फक्त तिथल्या परिसरात वाढणारी कंदीलपुष्पाची एक जात त्यातच रुजते. मोठ्या गुठळ्यांच्या नॉबी टायरची एक फेरी तो थर सोलून काढते. रीलसाठी तिथं गाडी चढवणाऱ्यांमुळं बाकीच्यांच्या वाटेवर फाटक लागतं. बैलगाडीच्या वाटा, पाटाकडचे रस्ते, गावांना जोडणारे मुरमाचे रस्ते भरपूर आहेत. द्राक्षबागेच्या बांधावरून जायचं तर मालकाला विचारून, आणि फवारणी चालू असताना नाहीच.

डिलिव्हरी घ्यायला जाताना मेजरिंग टेप खिशात ठेवा. टूलकिटमध्ये शॉकचा प्रीलोड फिरवायचा हुक पाना आहे का ते तिथंच उघडून बघा, आणि दोन्ही ॲक्सलच्या नटाच्या मापाचे पाने किटमध्ये नसतील तर त्याच दिवशी विकत घ्या.