‘सुपरस्टिशन’चा प्राण क्लॅव्हिनेटमध्ये
अमेरिकी गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर यांच्या १९७२ च्या ‘सुपरस्टिशन’ या गाण्यावरील लेखात लेखकांनी त्याच्या प्रभावाचे श्रेय प्रामुख्याने ट्रम्पेट-सॅक्सोफोनला दिले आहे, ते मला पटले नाही. या गाण्याचा प्राण क्लॅव्हिनेटमध्ये आहे. तारांवर आघात करणाऱ्या या विजेवरच्या कीबोर्डचे अनेक थर एकमेकांत असे गुंफले आहेत की गिटार वाजत असल्याचा भास होतो. सुरुवातीचे ड्रम्सही वंडर यांनी स्वतःच वाजवले असून त्यांचा किंचित सैल, झुलता ठेका मला आजही स्वस्थ बसू देत नाही. मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरचा बास, म्हणजे खालच्या सुरांची साथही त्यांचीच. अंधश्रद्धेविरुद्ध इतक्या स्पष्टपणे बोलणारे गाणे जानेवारी १९७३ मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, याचे मला फार अप्रूप वाटते.